खेड्याला झेपेल अशी रेबीजची लस हवी : एक खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
मा. महासंचालक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, नवी दिल्ली
मा. आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री, कर्नाटक शासन, बेंगळूर

महोदय,

सविनय नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवले आणि नुकताच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आपणा तिघांना एकत्र लिहिण्याचे कारण असे की, या विषयावर एकाकडे विचारणा केली की तो दुसऱ्याच्या दारात पाठवतो, हे मी पुरेसे अनुभवले आहे. संशोधन परिषदेचे, खरेदी दिल्लीची, वाटप राज्याचे आणि फ्रिज गावातल्या आरोग्य केंद्राचा, अशी ही वाटणी आहे. कुत्रा चावलेल्या मुलाच्या बापाला ही वाटणी कळत नाही आणि ती कळण्याची गरजही नसावी. म्हणून एकच पत्र, तिघांच्या नावे, आणि सर्वांना वाचता यावे असे उघड.

गेल्या पावसाळ्यात आमच्या जवळच्या वाडीवरील तिसरीतल्या एका मुलीला शाळेच्या वाटेवर कुत्रा चावला. उजव्या पोटरीवर चार दात उमटले होते आणि रक्त वाहत होते. तिची आजी मिरचीपूड आणि चुना घेऊन धावत आली. तिला कसेबसे थांबवून मी मुलीला शाळेच्या नळाखाली बसवले, साबण लावला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पंधरा मिनिटे पाणी सोडत राहिलो. मुलगी रडत नव्हती. ‘गुरुजी, अजून किती?’ एवढेच ती अधूनमधून विचारत होती. त्यानंतर आम्ही आरोग्य केंद्रात गेलो. तेथील सिस्टर चांगल्या स्वभावाच्या आणि कामात चोख, परंतु त्यांच्याकडे लसीची एकच कुपी उरली होती. कातडीत द्यायच्या पद्धतीने एका कुपीत अनेकांचे काम होते, पण एकदा उघडलेली कुपी सहा ते आठ तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकावी लागते. ‘अजून तीन-चार जण आले तर फोडते, नाहीतर गुरुवारी या,’ असे त्या अगदी ओशाळून म्हणाल्या. जखमेत द्यायचे तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे विषाणूला लगेच अडवणाऱ्या प्रथिनांचे, इंजेक्शन तर तेथे नव्हतेच. आम्ही शहरात गेलो. तेथेही ते त्या दिवशी संपले होते, म्हणून बाहेरच्या औषध दुकानातून विकत आणले. त्याचे पैसे मुलीच्या बापाने उसने घेतले.

ती मुलगी आज बरी आहे आणि चौथीत गेली आहे. परंतु तिचे चारही डोस पूर्ण झाले ते केवळ माझ्याकडे स्कूटर होती आणि निवृत्तीमुळे वेळ होता म्हणून. पहिला दिवस, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा, अशा चार फेऱ्या. शक्ती योजनेमुळे तिच्या आईला बसचे तिकीट लागत नाही ही चांगली गोष्ट आहे, पण पावसात वाडीपर्यंत बसच येत नाही, आणि रोपलावणीच्या दिवसांत एक दिवसाची मजुरी बुडणे म्हणजे काय हे त्या घरालाच ठाऊक. अठ्ठाविसाव्या दिवशी बाप शेतात होता. ‘जखम भरली की, गुरुजी,’ तो म्हणाला. मी त्याला दोष देऊ शकलो नाही, कारण हेच वाक्य मी यापूर्वी एकदा, माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकले आहे.

१९७४ साली मी नऊ वर्षांचा होतो आणि माझा थोरला भाऊ तेरा वर्षांचा. त्यालाही रोपलावणीच्याच दिवसांत पिसाळलेला कुत्रा चावला. त्या काळी बेंबीभोवती पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, रोज एक. वडील त्याला घेऊन बेळगावात शहापुरातल्या एका नातलगाकडे राहिले. नऊ सुया झाल्या. पोट सुजून कडक झाले होते, भाऊ सुई पाहिली की थरथरत असे, आणि इकडे शेतात चिखल तयार होऊन रोप वाट पाहत होते. जखम भरली होती. वडील त्याला घेऊन परत आले. गणपती झाल्यावर काही दिवसांनी त्याच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. नंतर एका सकाळी आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्याने तो हात झटकून फेकून दिला. तहान लागलेली असूनही त्याच्या गळ्याला पेटके येत होते. पुढे दारातून वारा आला तरी तो तडफडू लागे, म्हणून आईने दार-खिडक्या लावून त्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. तिसऱ्या दिवशी तो गेला. शेवटपर्यंत त्याची शुद्ध बरीचशी शाबूत होती, हे मला आजही सांगवत नाही. तो तांब्या चेपला होता. आईने तो कधीच कल्हईवाल्याकडे दिला नाही, आणि वापरलाही नाही.

त्या चौदा सुयांविषयी मी पुढे वाचत गेलो. १८८५ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली लस तेरा वेळा टोचून जगात प्रथम असा मुलगा वाचवला. १९११ साली कसौली येथे डेव्हिड सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली, आणि आपल्या देशात तीच पुढे नव्वदहून अधिक वर्षे चालली. त्या लसीतील मेंदूच्या पेशींमुळे काही रुग्णांना लकवा होत असे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार केलेली सुरक्षित लस जगात १९७० च्या दशकात आली. मेंदूपासून बनवलेली लस थांबवा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८४ पासून सांगितले. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. म्हणजे ज्यांना पैसे मोजता येत होते त्यांनी नवी लस घेतली, आणि सरकारी दवाखान्यावर अवलंबून असलेल्यांनी त्यानंतरही वीस वर्षे पोट पुढे केले. मी हा इतिहास राग काढण्यासाठी लिहीत नाही. नव्या लसींची पुढची पिढी आता दाराशी आली असताना तोच उशीर पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठी लिहितो.

माझे मुख्य म्हणणे असे आहे : आज मिळणारी रेबीजची लस उत्तम आहे, वेळेवर आणि पूर्ण घेतली तर ती जवळजवळ हमखास वाचवते. तथापि तिची रचनाच अशी आहे की ती शहराला झेपते, खेड्याला झेपत नाही. तिला दोन ते आठ अंश तापमान सतत हवे, पुन्हा पुन्हा फेऱ्या हव्यात, खोल जखमेला सोबत वेगळे प्रतिपिंडाचे इंजेक्शन हवे, आणि हे सारे विषाणू मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत पोहोचण्याच्या आत हवे. लक्षणे दिसल्यानंतर उपाय उरत नाही. अशा रोगासाठी कमी डोसांची, उष्णतेत टिकणारी, गावातच देता येणारी लस विकसित करणे हे सरकारने स्वतःचे काम मानले पाहिजे. ते बाजारावर सोडून चालणार नाही, कारण या रोगाने मरणाऱ्यांची क्रयशक्ती बाजाराला मोह पडावा इतकी नसते.

बेळगावकराला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो आमच्या डोळ्यांसमोर आहे. आज तेथे लोक झाडांखालून सकाळी फिरायला जातात. एके काळी तेथे देवीची लस तयार होत असे. ती देवी गेली कशी, हे आपणास माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे : लस एकदाच टोचायची होती, कोरड्या पुडीच्या स्वरूपात ती उन्हात टिकत होती, आणि दोन टोकांच्या साध्या सुईने थोड्या प्रशिक्षणानंतर कोणताही कार्यकर्ता ती देऊ शकत होता. १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला, १९७७ मध्ये देश देवीमुक्त घोषित झाला आणि १९८० मध्ये सारे जग. म्हणजे माझा भाऊ गेला त्याच्या पुढच्याच वर्षी या देशाने देवी संपवली. रेबीजच्या लसीपाशी हे तिन्ही गुण अजून नाहीत. आजची लसही पुडीच्या रूपात येते हे खरे, पण फ्रिजविना तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर या काळात वीज जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशीच येते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार अशी की, आकडे आपल्याच हाती असूनही त्यांची निकड कामात दिसत नाही. परिषदेच्या देशव्यापी सर्वेक्षणाने २०२२-२३ मध्ये पाहणी करून अंदाज मांडला की भारतात दरवर्षी सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५,७२६ माणसे रेबीजने मरतात. चावा घेतलेल्यांपैकी सुमारे एक पंचमांश लोकांनी लस घेतलीच नव्हती. वीस वर्षांपूर्वीच्या पाहणीत हाच मृत्यूंचा अंदाज वीस हजारांच्या वर होता, तेव्हा सुधारणा झाली आहे, आणि तिचे श्रेय मी आपल्याला मनापासून देतो. २०२१ साली आपण राष्ट्रीय कृती आराखडा काढून २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा संकल्प केला. कर्नाटकाने २०२२ च्या अखेरीस मानवी रेबीज हा कळवणे बंधनकारक असलेला आजार ठरवला. ही पावले योग्यच आहेत. परंतु २०३० समोर दिसू लागले आहे, आणि माझ्या परिसरातल्या आरोग्य केंद्रातली कुपी अजूनही गुरुवारची वाट पाहते.

दुसरी तक्रार नव्या लसींविषयी आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. रेबीजच्या विषाणूच्या कवचावर ग्लायकोप्रोटीन नावाचे एक प्रथिन असते, आणि शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली की संरक्षण मिळते. संपूर्ण विषाणू वाढवून मारण्याऐवजी केवळ हे प्रथिन, किंवा ते बनवण्याची सूचना शरीराला द्यावी, असा नव्या लसींचा मार्ग आहे. अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सने याच प्रथिनापासून केलेली तीन डोसांची लस २०२२ मध्ये बाजारात आणली, म्हणजे आठवड्याभरात काम संपते आणि अठ्ठाविसाव्या दिवसाची फेरी उरत नाही. ती आमच्या सरकारी केंद्रात मी आजवर पाहिलेली नाही. जर्मनीत करोनाच्या कितीतरी आधी, २०१३ मध्ये, निरोगी माणसांवर जी एमआरएनए लस (म्हणजे अशी सूचना देणारी लस) प्रथम तपासली गेली ती रेबीजचीच होती, आणि त्या प्रकारची लस उष्णतेत ठेवूनही प्राण्यांमध्ये परिणामकारक राहते असे प्रयोगांत दिसले. ऑक्सफर्डमध्ये दुसऱ्या एका निरुपद्रवी विषाणूच्या आधारे एका डोसाची लस केली गेली. मोजक्या स्वयंसेवकांवरील चाचणीत मध्यम व जास्त मात्रा घेतलेल्या सर्वांमध्ये दोन महिन्यांच्या आत पुरेशी प्रतिपिंडे आढळली, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन महिने हा काळ चावल्यानंतरच्या उपचाराला चालणार नाही, हे मला समजते. पण चावण्यापूर्वीच शाळकरी मुलांना एकदा टोचून ठेवण्यासाठी अशी लस आली, तर आमच्या वाड्यांचे चित्र पालटेल.

यावर आपल्याकडून असे उत्तर येऊ शकते की रेबीजच्या लसीची चाचणी अवघड असते, कारण चावलेल्या माणसाला खोटी लस देऊन पाहणे हे पाप ठरेल. ते खरेच आहे. मात्र याच कारणाने या लसींची परीक्षा प्रतिपिंडांच्या मोजमापावर होते. रक्तद्रवाच्या दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक हा मापदंड जगभर मानला जातो, आणि तो निरोगी स्वयंसेवकांमध्येही तपासता येतो. मोजमाप करणारी माणसे आपल्याच राज्यात आहेत : बेंगळूरच्या निमहान्स या मेंदू व मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतील रेबीज प्रयोगशाळा जागतिक आरोग्य संघटनेचे सहयोगी केंद्र आहे. एमआरएनए लस बनवण्याचे कसबही देशात आहे, कारण पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने सरकारी साहाय्याने करोनाची अशी लस केली, आणि २०२३ मध्ये आलेल्या तिच्या पुढच्या आवृत्तीला अतिशीत साठवण लागत नाही. करोनात जे वर्ष-दोन वर्षांत शक्य झाले ते रेबीजसाठी अशक्य का मानावे, याचे उत्तर मला कोणत्याही कागदात सापडलेले नाही. करोना मंत्र्यांनाही होत होता आणि रेबीज बहुतेक मजुरांच्या मुलांनाच होतो, एवढाच फरक मला दिसतो, आणि हे लिहिताना मला दुःख होते.

तिसरी तक्रार तयार प्रतिपिंडांविषयी. घोड्याच्या रक्तापासून केलेले सिरम वजनाप्रमाणे मोजून जखमेत भरावे लागते आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणाबाहेर क्वचितच मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आणि अहमदाबादच्या झायडसने प्रयोगशाळेत बनवलेली मोनोक्लोनल प्रतिपिंडे काही वर्षांपूर्वीच तयार केली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने अशा प्रतिपिंडांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले आहे. देशात बनणारे हे औषध चावा बसलेल्या गरिबाला बाहेरच्या दुकानातून उसन्या पैशांनी का घ्यावे लागते?

चौथी तक्रार भाषेची आहे, आणि ती मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. मला कन्नड येते. ते मी आनंदाने शिकलो आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही नीट शिकावे असे सांगत आलो. परंतु त्या मुलीच्या बापाला लसीच्या कार्डावरची पुढची तारीख वाचता आली नाही, कारण कार्ड कन्नड आणि इंग्रजीत होते आणि तो मराठी चौथीपर्यंत शिकलेला आहे. जेथे एखाद्या भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक असेल तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेपासून देशात मान्य झालेले आहे. सीमाप्रश्नाचा निकाल न्यायालय देईल तेव्हा देईल. कुत्रा चावल्यावर काय करावे हे सांगणारा फलक कन्नडसोबत मराठीत लावण्याने कोणाचीही बाजू कमकुवत होत नाही. पुढे चाचणीसाठी आमच्या लोकांकडे आलात, तर परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसारच संमतीपत्र सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत असावे लागेल, हेही आताच नमूद करतो.

पाचवी तक्रार सीमेची. चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि पलीकडे महाराष्ट्रातला चंदगड तालुका. आमची माणसे गवंडीकामाला, काजूच्या हंगामाला, ऊसतोडीला तिन्ही राज्यांत फिरतात; पहिला डोस इथे झाला तर तिसरा कोठे येईल हे हंगाम ठरवतो. करोनाच्या लसीची नोंद देशात कोठेही दिसत होती. रेबीजच्या डोसाची नोंद मात्र खिशातल्या घामाने विरलेल्या कागदावर राहते. आणि कुत्र्यांना तर राज्यांच्या हद्दी नाहीतच. गोव्याने दरवर्षी सुमारे एक लाख कुत्र्यांना लस टोचून मानवी रेबीज जवळजवळ थांबवला. २०१४ मध्ये तेथे पंधराच्या आसपास माणसे मरत होती, २०१८ मध्ये तो आकडा शून्यावर आला आणि २०२१ मध्ये राज्य रेबीजनियंत्रित घोषित झाले. घाटाच्या खाली हे घडते आणि घाटावर घडत नाही, याला घाट कारणीभूत नाही.

कुत्र्यांच्या लसीतही नवे पाऊल टाकण्यास वाव आहे. हाताने पकडता न येणाऱ्या कुत्र्यांसाठी आमिषात घालून तोंडावाटे द्यायची लस युरोपात कोल्ह्यांसाठी वापरली गेली, आणि पश्चिम युरोपातून कोल्ह्यांचा रेबीज त्यामुळेच जवळपास नाहीसा झाला. गोव्यात अशी आमिषे, लस न घालता, भटकी कुत्री कशी स्वीकारतात हे तपासून झाले आहे. भीमगडाच्या जंगलालगतच्या आमच्या वाड्यांत कुत्री अर्धी गावची आणि अर्धी रानाची असतात; जाळे घेऊन आलेली गाडी पाहिली की ती दिवसभर दिसत नाहीत. टांझानियात उष्णता सहन करणारी कुत्र्यांची लस मातीच्या, बाष्पीभवनाने थंड राहणाऱ्या भांड्यांत खेडोपाडी ठेवण्याचे प्रयोग झाले, हे वाचले तेव्हा मला आमच्या खानापूरची आठवण झाली नसती तरच नवल. खानापूरची माती आणि तिचे कुंभारकाम प्रसिद्ध आहे, केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्था येथेच आहे. आफ्रिकेतल्या खेड्याला जे सुचले ते आमच्या कुंभाराच्या चाकावर करून पाहायला फार खर्च येणार नाही.

वरील तक्रारी मांडल्यानंतर माझ्या मागण्या अशा आहेत.

केंद्र शासनाने आणि परिषदेने कमी डोसांच्या व उष्णतेत टिकणाऱ्या रेबीज लसीचा विकास हा मुदत आणि निधी ठरवून सार्वजनिक कार्यक्रम म्हणून जाहीर करावा, आणि त्याची प्रगती दर सहा महिन्यांनी लोकांसमोर ठेवावी. परवाना मिळालेली तीन डोसांची लस सरकारी खरेदीत घ्यायची की नाही, याचा निर्णय कारणांसह प्रसिद्ध करावा. नाही घ्यायची असेल तर तसेही सांगावे, आम्ही ते समजून घेऊ.

या लसींच्या चाचण्यांसाठी बेळगाव जिल्ह्याचा विचार व्हावा. परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था येथेच आहे, शहरात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि २०२० मध्ये कोव्हॅक्सिनच्या चाचणीतही बेळगावातील एक रुग्णालय सहभागी होते. चाचणी आली तर लसही मिळावी, म्हणजे ज्या गावांनी स्वयंसेवक दिले त्या गावांना मान्यतेनंतर ती प्रथम पोहोचावी, अशी अट सुरुवातीलाच लेखी असावी.

खानापूर तालुक्यातील जंगलालगतच्या शाळांत, आज उपलब्ध असलेल्या लसीनेच, मुलांना चावण्यापूर्वीचे दोन डोस देण्याचा प्रायोगिक कार्यक्रम राज्य शासनाने सुरू करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीनुसार एका आठवड्याच्या अंतराने दोन भेटी पुरतात, आणि अशा मुलाला पुढे चावा बसला तर प्रतिपिंडांचे इंजेक्शन लागत नाही, डोसही कमी लागतात. शाळेत मुले रोज येतात, तेथे फेरीचा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीचा किमान साठा सदैव असावा, आणि एकच रुग्ण आला तरी कुपी फोडण्याचा लेखी आदेश असावा. उरलेली लस वाया गेली म्हणून सिस्टरकडून खुलासा मागू नये. तालुका रुग्णालयात मोनोक्लोनल प्रतिपिंडे किंवा सिरम विनामूल्य मिळावे. लसीचे कार्ड आणि फलक कन्नड व मराठी दोन्हींत असावेत. डोसांची नोंद कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्रात एकाच ठिकाणी दिसावी. तिन्ही राज्यांनी सीमेवरच्या तालुक्यांतील कुत्र्यांचे लसीकरण एकाच महिन्यात मिळून करावे.

या कामात माझा उपयोग होणार असेल तर मी तयार आहे. संमतीपत्र वाडीवाडीवर जाऊन वाचून दाखवणे, पालकांच्या शंका लिहून घेणे, डोसाच्या तारखेला मुलांना केंद्रात पोहोचवणे, हे मला जमते आणि त्यासाठी मला मानधन नको. माझ्या वयाचे आणखी काही निवृत्त शिक्षक सोबत यायला राजी आहेत.

आपले उत्तर कन्नड, मराठी, हिंदी किंवा इंग्रजी, कोणत्याही भाषेत आले तरी चालेल. ते आले की मी त्याचे मराठी करून आमच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, सिस्टरच्या परवानगीने, लावणार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापक,
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव